सतरा बोड्या

सतरा कागदांवर मी लाल पेनाने एका शब्दातला शेवटचा ‘आय’ खोडला आणि त्याच्या जागी ‘वाय’ लिहिला. माझा गुन्हा कागदावर एवढाच दिसतो. पण त्या सतरा अक्षरांमुळे एका माणसाचं खरं काम खोटं ठरलं, आणि माझं चुकीचं काम बरोबर ठरून त्यावर मला पीएच.डी. मिळाली. व्याख्यानाआधी कुणीतरी माझी ओळख वाचून दाखवतं. पर्यावरणीय भूशास्त्र, उपग्रहचित्रांचा अभ्यास, इतक्या वर्षांचं संशोधन, इतके विद्यार्थी. मी मान खाली घालून ऐकतो. लोकांना तो विनय वाटतो.

मी नागपूरच्या धरमपेठेत वाढलो. भूशास्त्राकडे आलो तो दुसरीकडे प्रवेश मिळाला नाही म्हणून. बी.एस्सी.ची तीन वर्षं मी दगडांची नावं पाठ करून काढली आणि परीक्षा संपली की विसरलो. एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षी मात्र आमच्या सरांनी एका दुपारी टेबलावर दोन काळे-पांढरे हवाई फोटो शेजारी शेजारी मांडले, त्यावर चार पायांचा, दोन भिंगांचा स्टिरिओस्कोप उभा केला आणि मला म्हणाले, “बघ. हात मात्र टेबलावरच ठेव.”

मी वाकलो. आधी दोन सपाट फोटोच दिसत होते. डोळे थोडे ताणले, एक फोटो केसभर सरकवला, आणि कागदातून टेकडी वर आली. तिचा उतार, उतारावरचे ओघळ, पायथ्याची झाडं, सगळं उभं राहिलं. माझा हात आपोआप तिला शिवायला पुढे गेला.

“प्रत्येक जण हेच करतो,” सर म्हणाले. “म्हणून तर हात टेबलावर ठेव म्हटलं.”

माझ्यामागे उभा असलेला माझा वर्गमित्र उमरेडकडच्या एका गावातला होता. त्याच्या घरी शेती होती. आधी तो रोज एसटीने यायचा, मग प्रताप नगरात खोली घेऊन राहू लागला. त्याची पाळी आली तेव्हा तो बराच वेळ वाकून राहिला. मग डोळे न उचलता म्हणाला, “सर, या नाल्याचं पानी कुठं जाते ते दिसून राहिलं.”

टेकडी आम्हा सगळ्यांनाच दिसली होती. पाणी फक्त त्याला दिसलं. तेव्हा मला त्याचा हेवा वाटला नाही, हे मी खरं सांगतो. तेव्हा मला फक्त पुन्हा वाकून पाणी कुठे जातं ते बघायचं होतं. तासाभराने शिपाई दिवे बंद करायला आला तरी आम्ही दोघं आळीपाळीने वाकतच होतो. त्या दुपारी मी भूशास्त्रज्ञ झालो.

एम.एस्सी. झाल्यावर सरांनी आम्हा दोघांना एकाच प्रकल्पावर संशोधक म्हणून घेतलं. उमरेडच्या कोळसा खाणींच्या आजूबाजूला जमीन कशी वापरली जाते याचा नकाशा उपग्रहचित्रावरून करायचा होता. त्या चित्रात हिरवं पीक लाल दिसतं, कारण आपल्या डोळ्यांना न दिसणारा प्रकाश त्यात लाल रंगाने दाखवलेला असतो. पाणी काळं किंवा गर्द निळं. खाणीतून काढलेल्या मातीचे ढीग राखाडी. पहिल्यांदा ते चित्र पडद्यावर उघडलं तेव्हा मी माझं अख्खं शहर लाल-निळं बघितलं आणि घरी जाऊन आईला म्हणालो, “आपली अंबाझरीची झाडं रक्तासारखी लाल आहेत.” तिने मला झोपायला सांगितलं.

संगणकाच्या खोलीत एसी होता आणि धूळ जाऊ नये म्हणून चपला बाहेर काढाव्या लागत.

“चपला काहून काढाच्या गा?” माझ्या मित्राने पहिल्याच दिवशी विचारलं. “आत देव बसला का?”

“देवच समज.”

“मंग तू पुजारी हो. मी रानात जातो, तितं चपला लागतात.”

आमची वाटणी तशीच झाली. मी एसीत बसून चित्रातल्या प्रत्येक ठिपक्याला रंग द्यायचो. हे शेत, हे पडीक, हे पाणी. तो टोपोशीट, म्हणजे सर्वेक्षणाचा छापील नकाशा, आणि छापील फॉर्म घेऊन एप्रिल-मेच्या उन्हात ठरवलेल्या जागांवर चालत जायचा आणि तिथे प्रत्यक्षात काय आहे ते लिहून आणायचा. माझा रंग आणि त्याची नोंद जितक्या ठिकाणी जुळेल तितका नकाशा खरा. या कामात शेवटचा शब्द नेहमी चालणाऱ्याचा असतो. सरांनी आम्हाला हे पहिल्या आठवड्यातच शिकवलं होतं.

फॉर्म इंग्रजीत भरायचे होते. त्याच्या शेकडो फॉर्मांपैकी सतरांवर, ‘जमिनीवर काय आहे’ या रकान्यात, एकच शब्द होता. बी, ओ, डी, आय.

मला तो शब्द माहीत नव्हता. धरमपेठेत तलाव होता, विहीर होती, नळ होता. बोडी नव्हती. मी समजलो, याला ‘वॉटर बॉडी’ लिहायचं होतं, अर्धं विसरला आणि उरलेल्याचं स्पेलिंग चुकला. मी लाल पेन घेतलं. पुढे मी प्राध्यापक म्हणून हजारो उत्तरपत्रिका तपासल्या, पण त्या सतरा खुणा करताना वाटलो तितका शहाणा मी स्वतःला पुन्हा कधी वाटलो नाही.

मग मी त्या जागा चित्रात बघितल्या. चित्र फेब्रुवारीचं होतं आणि सगळ्या सतरा जागा लालभडक होत्या. पीक उभं होतं, पाण्याचा थेंब नव्हता. म्हणजे याने पाणी लिहिलं ते घरी बसून, असं मी ठरवलं. त्या जागा धरल्या तर माझ्या नकाशाची अचूकता सरांना हवी होती त्याहून खाली जात होती. वगळल्या तर वर येत होती. मी वगळल्या. प्रबंधाच्या परिशिष्टात एक ओळ टाकली की दुसऱ्या निरीक्षकाच्या काही नोंदी अविश्वसनीय असल्याने घेतलेल्या नाहीत. दुसरा निरीक्षक म्हणजे तो. जुन्या टोपोशीटवर त्यातल्या काही जागा निळ्या ठिपक्यांनी छापलेल्या होत्या. तो कागद माझ्या टेबलावरच होता, मी उलगडला नाही.

त्याच दिवशी मी त्याला ‘बॉडी’ म्हणायला लागलो. तो काडीसारखा बारीक होता, त्यामुळे नाव लगेच चिकटलं. चहावाला, शिपाई, खालच्या वर्गातली मुलं, सगळे त्याला बॉडीभाऊ म्हणू लागले. व्यायामावरून पडलेलं नाव असावं अशी बहुतेकांची समजूत होती.

प्रबंध सादर करण्याआधीच्या चर्चासत्रात सरांनी त्या वगळलेल्या नोंदींबद्दल विचारलं. तो मागच्या बाकावरून उठला. “सर, ते बॉडी नाही होय. ते बोडी होय.”

मी प्रोजेक्टरजवळ उभा होतो. मी त्याच्याच सुरात म्हणालो, “सर, ते बॉडी नाही होय, ते बोडी होय. स्पेलिंग नाही होय, भाषा होय.”

सगळा वर्ग हसला. सरही थोडे हसले आणि पुढच्या पानाकडे वळले. तो खाली बसला.

दुसऱ्या दिवशी त्याने मला विभागाबाहेरच्या टपरीवर बोलावलं. तर्री-पोह्यांच्या प्लेटा बाजूला सारून त्याने टेबलावर सांडलेल्या चहात बोट बुडवलं आणि एक वाकडी रेघ ओढली.

“हे पाळ. मातीची. इकडून उताराचं पानी येते, इथं अडते. त्याच्यावर खालचा धान पिकते. याले बोडी म्हनतात. तलावापेक्षा लहान. दिवाळीनंतर पानी उतरते, मंग त्या ओल्या गाळात आम्ही लाखोरी टाकतो, गहू टाकतो. उन्हाळ्यात तितं पोट्टे क्रिकेट खेळतात.” त्याने बोट पुसलं. “पावसात तलाव, हिवाळ्यात वावर, उन्हाळ्यात मैदान. एकच जागा हाय. तुझ्या मशीनले मात्र एकच रंग पाह्यजे.”

माझ्या अंगावर काटा आला. तो कशाचा होता ते मला आजही आठवतं. आनंदाचा होता. एक जागा वर्षात तीनदा आपली ओळख बदलते आणि एकाच तारखेच्या चित्रावर विसंबणारा आमचा सगळा नकाशाच त्यामुळे अपुरा ठरतो, ही गोष्ट त्या वेळच्या माझ्या अख्ख्या प्रबंधापेक्षा मोठी होती. स्टिरिओस्कोपमधून टेकडी वर आली तसंच काहीतरी माझ्या डोक्यात वर आलं होतं.

“समजलं ना?” त्याने विचारलं.

“समजलं.”

“मंग सरांले सांग.”

“सांगतो. पण प्रबंध बाइंडिंगला गेलाय बे.”

मी सांगितलं नाही. आठवडाभराने प्रकल्पाला मुदतवाढ मिळाली, पण जागा एकाचीच. सरांनी मला बोलावून विचारलं, “त्याच्या फील्डच्या कामाचं तुझं काय मत?” मी म्हणालो, “सर, तुम्ही परिशिष्ट वाचलंच आहे.” इतकंच बोललो. खोटं एक अक्षरही बोललो नाही, असं मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला सांगत राहिलो.

तो गेला. बी.एड. केलं आणि आपल्या गावाजवळच्या शाळेत भूगोल शिकवू लागला. मी पीएच.डी. झालो, मग शास्त्रज्ञ, मग प्राध्यापक. खाणींमुळे जमिनीचं आणि पाण्याचं काय होतं यावर काम करत गेलो. माझ्या नकाशावरून पुढचे नकाशे निघाले आणि त्या सगळ्यांत त्या सतरा जागा ‘एकपिकी शेतजमीन’ म्हणून रंगल्या. दोन लग्नांमध्ये आमची गाठ पडली. जुने लोक त्याला “अरे बॉडी” म्हणत होते. तो हसून जेवायच्या पंगतीकडे जायचा.

आता गेल्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. हल्ली रडारची उपग्रहचित्रं मिळतात. ढगांतून, धो-धो पावसातूनही खालची जमीन दिसते, आणि दर दहा-बारा दिवसांनी नवं चित्र येतं. स्थिर पाणी त्यात काळं दिसतं. माझी एक संशोधक विद्यार्थिनी आहे, भिवापूरकडची. तिने उमरेड भागाची आदल्या वर्षभराची सगळी चित्रं एकामागोमाग लावून त्यांची चालती फीत केली आणि सकाळी सकाळी मला हाक मारली.

तिने बटण दाबलं. जून संपता संपता पडद्यावर काळे ठिपके उमटायला लागले. आधी एक, मग पाच, मग मोजता येईनात. अर्धचंद्राच्या आकाराचे, एक बाजू सरळ, एक गोल. श्रावणात ते फुगले, सप्टेंबरात काठोकाठ आले, दिवाळीनंतर आटू लागले आणि जानेवारीत त्यांच्या जागी पीक उगवलं. अख्खा मुलूख श्वास घेत होता. मी खुर्चीवरून उठलो. “परत लाव,” मी म्हणालो. तिने परत लावलं. मी चौथ्यांदा परत लाव म्हणालो तेव्हा ती हसली.

“हे अर्धचंद्र कशाचे आहेत?” मी विचारलं. मला उत्तर माहीत होतं. मला ते दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं.

“बोड्या होत ना सर.” तिने माझ्याकडे बघितलं. “तुम्हाले बोडी माहीत नाही? तुम्ही तर याच भागावर पीएच.डी. केली.”

प्रयोगशाळेच्या स्टीलच्या कपाटात जुने फॉर्म अजून होते. मी ते सतरा काढले. प्रत्येकावर गावाचं नाव, गावापासूनचं अंतर आणि दिशा त्याच्या ताठ अक्षरात लिहिलेली होती. आम्ही एकेक जागा पडद्यावर लावायला लागलो. दोन जागा आता खाणीच्या मातीखाली होत्या, म्हणून आम्ही त्या काळचं, ऑक्टोबर महिन्याचं जुनं उपग्रहचित्र उतरवून घेतलं. ते चित्र कुणालाही मिळण्यासारखं होतं. मीच कधी शोधलं नव्हतं.

पहिली जागा, पाणी. दुसरी, पाणी. आठव्या जागेनंतर आम्ही दोघंही उभे राहूनच काम करत होतो. चौदावीला ठिपका सापडेना. मग तिने फॉर्म पुन्हा वाचला. “सर, गावाच्या पूर्वेला लिहिलं आहे, तुम्ही पश्चिमेला शोधून राहिले.” पूर्वेला गेलो. पाणी.

“सतराच्या सतरा,” ती म्हणाली आणि टेबलावर दोन्ही हात आपटले. “कोण होता हा माणूस? पायी फिरून, कडक उन्हात कोरड्या जागा बघून बोडी लिहिणं म्हणजे जबरदस्तच. याचं नाव कुठेच कसं नाही?”

तिने फॉर्म डोळ्यांजवळ नेला. “आणि हा लाल वाय कोणी केला?”

“मी.”

ती फॉर्म खाली ठेवून पाणी प्यायला गेली.

त्या आठवड्यात मी एक दुरुस्तीपत्र लिहिलं. जुन्या प्रबंधाला जोडायला, नकाशे वापरणाऱ्या सगळ्यांना कळवायला आणि आमच्या नव्या शोधनिबंधात छापायला. त्या निबंधात मित्राचं नाव पहिलं घालायचं ठरवलं. पण त्यासाठी त्याची संमती हवी होती. फोन करावा असं दोनदा मनात आलं, दोनदा मी नंबर लावून कापला. एका शनिवारी सकाळी लॅपटॉप आणि ते पत्र पिशवीत टाकून एसटीत बसलो. वाटेत मी लहान पोरासारखा खिडकीला चिकटलो होतो. धान कापणीला आला होता आणि प्रत्येक शेतामागे मला पाळ दिसत होती. इतकी वर्षं याच रस्त्याने जात होतो, एकही पाळ कधी दिसली नव्हती.

शाळा सकाळची होती, सुटायच्या वेळेला पोचलो. तो फाटकातून मोटरसायकल ढकलत बाहेर आला. केस पांढरे, गळ्यात दुपट्टा, अंग तसंच काडीसारखं.

“काय गा साहेब? बस चुकली का?”

“तुझ्याकडेच आलो. काहीतरी दाखवायचं आहे. ती फॉर्मवरची तुझ्या गावची बोडी कुठे आहे?”

त्याने मला नीट बघून घेतलं. “बस मागं.”

सतरांतली नववी बोडी ती हीच. पाळीवर बाभळी होत्या, पाणी काठाशी आलं होतं, बगळे उभे होते. मी पाळीवर बसून लॅपटॉप उघडला, पण उन्हात पडद्यावर काही दिसेना. त्याने गळ्यातला दुपट्टा काढून आमच्या दोघांच्या डोक्यावर आणि पडद्यावर धरला. त्या अंधारात मी फीत लावली.

ठिपके उमटले, फुगले. मग त्याने माझं मनगट धरलं. “थांब, थांब. मागं घे. हे आमची. हे बघ, भरून राहिली. आन् हे पाळीच्या खालचा धान. आता वरच्या बोडीचा सांडवा सुटला, पाह्य, खालची एका चित्रात भरली.” हे मला दिसलं नव्हतं, माझ्या विद्यार्थिनीलाही नाही. एका बोडीचं पाणी दुसरीत उतरत होतं, त्याने ते दोन चित्रांतल्या फरकावरून ओळखलं. मी पुन्हा मागे घेतलं. आम्ही दुपट्ट्याखाली घामाघूम होऊन कितीतरी वेळ पाण्याचा माग काढत बसलो होतो. तो बोट ठेवत होता, मी चित्र थांबवत होतो.

शेवटी त्याने दुपट्टा काढला. मी त्याला दुरुस्तीपत्र दिलं. त्याने ते वही तपासावी तसं, ओळीखाली बोट फिरवत वाचलं. एका ओळीवर बोट थांबलं.

“‘शब्दाच्या गैरसमजामुळे सदर नोंदी वगळण्यात आल्या होत्या.’” त्याने मोठ्याने वाचलं. “कोनाच्या गैरसमजामुळे?”

“माझ्या.”

“स्पेलिंग तर माझे पोट्टेही चुकतात. कधी मीही चुकीचं दुरुस्त करतो. त्याच्यासाठी नागपूरवरून एसटीनं यावं लागत नाही.” त्याने कागद माझ्या हातात परत दिला. आवाज चढलेला नव्हता. “टपरीवर मी तुले विचारलं होतं. समजलं ना, म्हनून. तू काय म्हनाला होतास?”

बगळे उडाले. मी लॅपटॉप मिटला. माफीची वाक्यं मी बसमध्ये पाठ केली होती, ती सगळी त्या गैरसमजाबद्दलची होती, आणि आता त्यातलं एकही उपयोगाचं नव्हतं.

“मला समजलं होतं,” मी म्हणालो. “तू चहाने पाळ काढलीस तेव्हाच सगळं समजलं होतं. सरांना सांगितलं असतं तर मला प्रबंध पुन्हा करावा लागला असता आणि ती जागा तुला मिळाली असती. म्हणून सांगितलं नाही. तुझी नोंद खरी आहे हे माहीत असताना मी तुला सगळ्यांच्या नजरेत खोटं ठरू दिलं. सरांनी विचारलं तेव्हाही. बॉडी हे नाव मीच ठेवलं, मीच पसरवलं. या पत्रातली ती ओळ मी बदलतो. गैरसमज नव्हता, मी जाणूनबुजून गप्प बसलो, असं लिहितो आणि खाली माझी सही करतो. मी तुझा अपराधी आहे. मला माफ कर.”